आज काय खाल्लंस

"मी हे सांगायला नको खरं तर," समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई कुलूप लावता लावता म्हणाल्या होत्या, "पण तुझ्या नणंदेच्या दाढा झिजल्यात. या वयात एवढ्या झिजत नाहीत. नुसती झोपेतच नाही, जागेपणीसुद्धा दात आवळून बसते ती. जरा लक्ष ठेव." माझ्या कडेवर बाळ होतं, त्याचा खालचा पहिला दात वर येत होता, आणि त्या दिवसांत दात म्हटलं की मला तो एकच दात माहीत होता. मी म्हटलं, अहो, ती पहिल्यापासून हट्टी आहे, दातओठ खाल्ल्याशिवाय तिचं एकही काम होत नाही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. जाता जाता त्यांनी बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवलं, आणि मी घरात येऊन, त्यांनी ते बोट धुतलं होतं की नाही, याच विचारात संध्याकाळ घालवली. त्यांचं बोलणं मी कानामागे टाकलं असं म्हणण्यात अर्थ नाही. कानामागे टाकायला आधी ते कानात शिरावं लागतं.

ते शिरलं ते पुढे बऱ्याच दिवसांनी, लिफ्टमध्ये. बाळाला लस टोचून आणलं होतं. ते माझ्या खांद्यावर हुंदके देत देत झोपलं होतं आणि मी एका हाताने त्याच्या मांडीवरचा कापूस दाबून धरला होता. आमची लिफ्ट जुनी आहे, जाळीच्या दाराची, आणि जिना तिच्याभोवती गुंडाळलेला आहे. त्यामुळे वर जाताना जिन्यावरच्या माणसांचे आधी पाय दिसतात, मग गुडघे, मग तोंड. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने गचका दिला आणि ती थांबली. अशी ती थांबतेच, पुन्हा बटण दाबलं की चालते, पण मी बटण दाबलं नाही, कारण माझ्या नाकासमोर टिंगीच्या, माझ्या नणंदेच्या, चपला होत्या. जोडीने, भिंतीला टेकवून, देवळाबाहेर काढाव्यात तशा नीट ठेवलेल्या. वरच्या पायरीवर ती स्वतः. पाय पोटाशी घेतलेले, कपाळ भिंतीला टेकवलेलं, डोळे उघडे. कानाखाली जबड्याचा स्नायू सुटत होता, आवळत होता, सुटत होता, जसा झोपेत काही चावणाऱ्या माणसाचा हलतो. खालून, पंपाच्या खोलीतून, मुलांच्या हसण्याचा आवाज आला आणि कोणीतरी ओरडलं, ताई, कुठे आहेस. "आले रे राजांनो," टिंगी म्हणाली, "तुम्ही सुरू तर करा, मी टाळ्या वाजवायला पोचतेच." आवाज नेहमीचा होता. खळखळून हसणारा, थोडा घोगरा, ज्या आवाजासाठी अख्खी इमारत तिला ओळखते तोच. आणि चेहरा तसाच भिंतीला टेकलेला. ओठ हलले तेवढेच. डोळ्यांत काही हललं नाही, गालावर काही हललं नाही. मला एकदम थंडी वाजली. एखाद्या रिकाम्या खोलीत रेडिओ चालू असावा तसं ते होतं. मग वर कोणीतरी बटण दाबलं असणार, लिफ्टने पुन्हा गचका दिला आणि मी वर गेले. टिंगी, तिचे गुडघे, तिच्या चपला खाली राहिल्या. तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

टिंगी हे घरातलं नाव. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. सासूबाई गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली, आणि तिला टिंगी म्हणणारे आता जगात आम्ही दोघंच उरलो आहोत, तिचा भाऊ आणि मी. खाली ती ताई. तिच्याहून मोठी असलेली मुलंसुद्धा तिला ताईच म्हणतात, आणि याची घरात आम्ही खूप थट्टा केलेली आहे. पंपाची खोली तिनेच मिळवली. पाण्याचा नवा पंप बसल्यावर जुनी खोली रिकामी पडली होती, तिथे तुटक्या खुर्च्या आणि कुणाच्या तरी सायकलीचा सांगाडा होता. कमिटीच्या बैठकीत टिंगी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की आम्हाला जागा द्या, पैसे नकोत, भाषण नको, आणि मोठं माणूस आत यायला नको. शेवटची अट ऐकून सेक्रेटरी काका खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले होते. पण दिली त्यांनी जागा. कारण चौथ्या मजल्यावरचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा मुलगा कितीतरी महिने स्वतःच्या खोलीतून बाहेर आला नव्हता. घरचे विचारणाऱ्याला सांगत, अभ्यास करतोय. आणि आम्ही सगळे, एकाच जिन्याने चढणारे-उतरणारे, म्हणत होतो, वा, किती अभ्यासू. टिंगीला ते पटलं नाही. ती रोज जाऊन त्याच्या बंद दाराबाहेर बसायची. कसा आहेस असं तिने एकदाही विचारलं नाही. आपण आज काय खाल्लं ते ती दाराला सांगायची आणि मग विचारायची, तू काय खाल्लंस. शेवटी एका दुपारी आतून आवाज आला, बिस्किटं. मग थोड्या वेळाने पुन्हा आला: काल पण बिस्किटंच.

त्यातूनच खोलीतली ती पद्धत निघाली. तिथे मुलं एकमेकांना पुष्कळ काही शिकवतात, केस कापायला, बँकेतला अर्ज भरायला, मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला, सायकलची चेन बसवायला. मागच्या गल्लीतले बंद दिवे त्यांनी स्वतः पालिकेच्या ऑफिसात धडकून लावून घेतले. पण त्या सगळ्याच्या मुळाशी ही एक पद्धत आहे. प्रत्येकाला एक शेजार असतो. शेजार म्हणजे ज्याला तुम्ही दिवसातून एकदा डोळ्यांनी बघायचं आणि विचारायचं, आज काय खाल्लंस. कसा आहेस विचारायचं नाही. टिंगी म्हणते, कसा आहेस विचारलं की माणूस बरा आहे म्हणून सुटतो, त्याला थांबावं लागत नाही. काय खाल्लंस म्हटलं की आठवावं लागतं. आठवायला वेळ लागतो, आणि त्या वेळात त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं. खरं उत्तर कधीच झटकन येत नाही, वहिनी. हे ती मला सांगत होती तेव्हा मी बाळाला भरवत होते आणि मनात म्हटलं होतं, ही पोरगी विशीत आहे, हिला हे कुठून कळतं. मी सत्तावीस वर्षांची, डिग्री घेतलेली, मानसशास्त्र हा विषय घेऊन पास झालेली. आणि मला उंबरठ्यावर चपला काढून बाहेरच थांबावं लागतं, कारण बाळ झालं की माणूस मोठं होतं असा खोलीचा कायदा आहे.

दर महिन्याला शेजार बदलतात. ते मी खिडकीतून बघते. सगळी मुलं अंगणात गोल करून उभी राहतात, टिंगी मधोमध. ती बोट दाखवते, जरा पुढे हो, तू त्याच्या बाजूला नको, तुमचं कालच भांडण झालंय, तू इकडे ये. तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. गोल मनासारखा झाला की ती हात वर करते आणि प्रत्येक जण आपल्या उजवीकडच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. झालं, तो महिनाभर तुमचा शेजार. वरून ते फार सुंदर दिसतं. बाळाला कडेवर घेऊन मी ते बघत आले आहे, बाळ पोटात असल्यापासून बघत आले आहे.

लिफ्टमधून घरी आल्यावर मी बाळाला पाळण्यात ठेवलं आणि उगाच त्याच्या नाकाखाली बोट धरलं. हे मी दिवसातून किती वेळा करते ते मी कोणाला सांगत नाही. श्वास बोटाला लागला. पुन्हा धरलं. पुन्हा लागला. खालून टाळ्यांचा आवाज येत होता, त्यात टिंगीच्या टाळ्या असणार, म्हणजे ती पोचली होती. मग मी काय पाहिलं होतं? पायरीवर बसलेली एक मुलगी. दमली असेल. उन्हातून आली असेल. रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा टिंगी तिच्या खोलीत होती आणि मी आवाज खाली घेऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, बसली असेल जिन्यावर, जिना बसायलाच असतो. मी म्हटलं, अरे, तिचा आवाज हसत होता आणि तोंड हसत नव्हतं. त्याने घास खाली ठेवला, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं, आणि तेच मला सहन झालं नाही. म्हणाला, "तुला बाळ झाल्यापासून सगळ्या जगाला ताप आल्यासारखा वाटतो. थर्मामीटर घेऊन फिरतेस तू. ती एवढी पोरं सांभाळते, तिला काय धाड भरलीये?" मग म्हणाला, परवा ती संस्थेवाली मॅडम येणार आहे, त्याचं टेन्शन असेल. ते खरं होतं. एका मोठ्या संस्थेच्या मॅडम खोली बघायला येणार होत्या. तशा खोल्या आणखी गावांत, आणखी वस्त्यांत उघडायच्या होत्या, आणि त्या टिंगीने उघडायच्या होत्या. टिंगी आतून ओरडली, "दादा, भिंती पातळ आहेत हां आपल्या. काय कुजबुज चाललीये माझ्यावर?" नवरा ओरडला, तुझ्या लग्नाचं बघतोय. ती म्हणाली, बघ बघ, पण आधी त्याला विचार, आज काय खाल्लंस. आम्ही तिघंही हसलो. मी हसता हसता तिच्या दाराखालच्या फटीकडे बघत होते. दिवा बंद होता. ती काळोखात बसून विनोद करत होती.

नवरा म्हणतो ते अगदीच खोटं नाही. बाळ झाल्यापासून मला एक जादाचा कान फुटल्यासारखं झालं आहे. गॅसचा वास नसताना मी गॅस बघून येते. वरच्या मजल्यावर भांडं पडलं की माझे हात बाळाच्या डोक्याभोवती जातात. म्हणून मी स्वतःवर विश्वास ठेवायचा सोडून दिला होता; घाबरणं हे माझं कामच असल्यासारखं, आणि कामावर असलेल्या माणसाला प्रत्येक आवाज चोराचाच वाटतो. पुढचा दिवसभर मी टिंगीला बघत राहिले आणि बघतेय हे दाखवत नव्हते. ती कॉलेजची बॅग घेऊन निघाली. बॅग हलकी होती; खांद्यावर जशी उडत होती त्यावरून कळत होतं. स्वयंपाकघरात तिचं ताट विसळलेलं होतं. ती स्वतःचं ताट स्वतः विसळते याचं मला किती कौतुक होतं, आणि आता तेच ताट हातात घेऊन मी उभी होते, आणि मला आठवत नव्हतं की त्यात तिला काही वाढून घेताना मी शेवटचं कधी पाहिलं. जेवण झालं का गं, असं मी रोज विचारत होते. झालं वहिनी, असं ती रोज म्हणत होती. झटकन. मी कधी थांबले नव्हते.

संस्थेच्या मॅडम आल्या त्या संध्याकाळी अंगण झाडून पाणी मारलं होतं. मी खिडकीत होते, बाळाच्या तोंडात माझ्या ओढणीचं टोक. घड्याळवाल्यांच्या मुलाने, जो आता दाढी राखतो आणि लहान पोरांना हिशेब शिकवतो, मॅडमसाठी खुर्ची आणली. मॅडम बसल्या नाहीत, चांगल्या वाटल्या मला. मग गोल झाला. टिंगीने पिवळा कुडता घातला होता. ती मधोमध उभी राहून बोट दाखवत होती, कोणाला तरी चिडवत होती, मुलं हसत होती. तिने हात वर केला. सगळे हात उजवीकडच्या खांद्यावर गेले, एकापाठोपाठ एक, जशी झिप बंद व्हावी तसा गोल बंद झाला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आणि मी वरून पाहिलं की पिवळ्या कुडत्याच्या खांद्यावर कोणाचाही हात नाही. असणारच नव्हता. ती कोणाच्याच उजवीकडे नव्हती. इतके महिने हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि मला ते सुंदर वाटत होतं. गोल आखणारीला गोलात जागाच नव्हती. कोणी तिला वगळलं नव्हतं, तिनेच तो तसा आखला होता, आणि अंगणात उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसणं शक्य नव्हतं, कारण तिथून ती सगळ्यांना समोरच दिसत होती. फक्त वरून दिसत होतं. आणि वर मी होते.

खाली पांगापांग झाली, मॅडमची गाडी गेली. टिंगी घरी आली नाही. मी लिफ्ट घेतली नाही. बाळाला घेऊन जिना उतरायला लागले आणि उतरताना माझ्या मनात जे जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्या घरात कोणी वेळेवर परत आलं नाही त्यांना ते ठाऊक असतं. दोन मजल्यांच्या मध्ये चपला होत्या. जोडीने. मी तिच्याशेजारी बसले. पायरी अरुंद, आमचे दंड एकमेकींना लागत होते, आणि तिच्या अंगातून एक बारीक कंप येत होता, जसा नुकत्याच बंद केलेल्या पंख्याचा येत राहतो. ती म्हणाली, अगं वहिनी, तू कशाला उतरलीस बाळाला घेऊन, येतच होते. हसली. मी काय बोलायचं ते ठरवून आले होते, डॉक्टरांकडे जाऊ, कॉलेज, सुट्टी घे, सगळं. ते सगळं बाजूला ठेवून मी विचारलं,

"आज काय खाल्लंस?"

"ओहो," ती म्हणाली. "माझंच औषध मला?"

मी थांबले. तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबले, तिनेच शिकवलं होतं तसं. तिने तोंड उघडलं. सकाळी, म्हणाली. मग, नाही, ते काल. मग ती खरोखर आठवायला लागली, भुवया जवळ आल्या, परीक्षेत प्रश्न येत असताना उत्तर सापडू नये तशी, आणि तिच्या डोळ्यांत मला प्रथमच भीती दिसली. तिला आठवत नव्हतं. जबड्याचा तो स्नायू पुन्हा आवळला. तेवढ्यात बाळाने, ज्याला त्या दिवसांत दिसेल त्या तोंडात बोटं घालायची खोड लागली होती, तिच्या ओठांवर हात मारला आणि आपली ओली मूठ सरळ तिच्या दातांमध्ये घुसवायला लागलं. त्याला चावायचं नसेल तर तोंड उघडणं भाग होतं. तिने उघडलं. दाढा सुटल्या आणि त्याबरोबर तिच्या आतलं कुठलं तरी टोक सुटलं. ती रडली नाही आधी, नुसता श्वास बाहेर आला, लांबलचक. मग म्हणाली, "मला कोणी विचारत नाही असं नाही गं. दिवसभर विचारतात. ताई, आता काय करायचं." थोड्या वेळाने म्हणाली, कॉलेजला ती कधीची जात नाही. बसमध्ये बसते आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येते, कारण बसमध्ये तिला कोणी ओळखत नाही. सगळ्यांचं ऐकून ऐकून तिला आता सगळ्यांचे आवाज ऐकू येतात, आणि स्वतःचं काही सांगायला गेली की दुसऱ्याच कोणाचं तरी सांगितल्यासारखं होतं. खालून कोणीतरी हाक मारली, ताई. तिचं तोंड उघडायला लागलं तसा मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मीच ओरडले, ताई नाहीये. माझा आवाज फाटला. जिन्यात तो वरपर्यंत गेला.

हे सगळं मी गोष्ट सांगावी तसं सांगते आहे, म्हणजे वाटेल की संपलं. डॉक्टरीणबाईंनी तिला दातांवर बसवायचं एक आवरण करून दिलं आणि दुसऱ्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. तिथे ती जात राहिली. पुढच्या महिन्यात गोल झाला तेव्हा घड्याळवाल्यांच्या मुलाने, ज्याला मी वरून दिसलेलं सांगितलं होतं, तिचा दंड धरून तिला रांगेत ओढलं आणि स्वतःच्या उजवीकडे उभं केलं. मधली जागा रिकामी राहिली, गोल थोडा वाकडा झाला, दोघं जण चुकीच्या माणसाशेजारी आले आणि भांडलेही. मी खिडकीत बसून ते बघितलं आणि मला तो वाकडा गोल आवडला. ती जेवायला लागली. नवऱ्याने एकदा, भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता म्हटलं, तुझं थर्मामीटर बरोबर होतं. पण मॅडमचा फोन येत राहिला, टिंगीला जायचं होतं, आणि तिला अडवायला आम्ही कोण. ते तिचं काम आहे, तिचं आहे म्हणूनच चांगलं आहे. ती गेली. आता ती एका गावातून दुसऱ्या गावात असते. जिथे जाते तिथे एक रिकामी खोली मिळवते, मुलं जमवते, गोल करते.

रोज संध्याकाळी मी फोन करते. आज काय खाल्लंस, विचारते. परवापर्यंत ती थांबायची. अं, सकाळी केळं, मग दुपारी, थांब हं, दुपारी त्या मुलींबरोबर भात, असं. परवा मी प्रश्न पुरा करायच्या आत ती म्हणाली, जेवले वहिनी, मस्त जेवले. कालही. आजही. आवाज खळखळून हसणारा. बाळ कसं आहे, दादा कसा आहे, विचारलं तिने. तिने फोटो पाठवला आहे, नव्या खोलीसमोरच्या गोलाचा. मुलं एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून उभी आहेत, ऊन त्यांच्या डोळ्यांवर आहे. मी तो मोठा करून करून बघितला. एकेक चेहरा बघितला. त्यात ती नाही. फोटो तिनेच काढला आहे. नवरा म्हणतो, फोटो कोणीतरी काढायला लागतोच ना. लागतोच. येत्या परवाची गाडी बघितली आहे मी, बाळाला घेऊन जाईन, पण परवा म्हणजे परवा, आणि तिथली खोली मला माहीत नाही, तिथला जिना मला माहीत नाही, आणि तिथे वरून बघणारी खिडकी आहे की नाही तेही माहीत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घराजवळ अलीकडे अशी एखादी खोली उघडली असेल, जुन्या गोदामात, बंद दुकानात, आणि तिथे संध्याकाळी मुलं हसत असतील, आणि त्यांच्या मधोमध एक बारीकशी मुलगी टाळ्या वाजवत असेल, तर जरा जाऊन या. मोठ्या माणसांना आत घेत नाहीत, उंबरठ्यावर थांबा. ती बाहेर येईल, हसेल, तुमचं काय काम आहे विचारेल. कशी आहेस विचारू नका. आज काय खाल्लंस म्हणा, आणि ती लगेच बोलली तर जाऊ नका, तिथेच उभे राहा, पुन्हा विचारा.